नाव माझं, फोटो माझा, खातं कुणाचं?

प्रश्न : मी बावन्न वर्षांची आहे. मागच्या महिन्यात माझ्याच नावाने आणि माझ्याच फोटोने कुणीतरी फेसबुकवर दुसरं खातं उघडलं आणि माझ्या ओळखीच्या लोकांना ‘अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव’ असे मेसेज केले. एका जुन्या मैत्रिणीने पाठवलेही. तिचा फोन आला तेव्हा कुठे मला हे कळलं. मी लगेच पासवर्ड बदलला, तरी ते खातं चालूच आहे. मुलगा म्हणतो, सगळं बंद करून टाक. पण शाळेतल्या मैत्रिणी, लांबचे नातेवाईक, सगळे तिथेच भेटतात. त्यात माझी नणंद घरातला प्रत्येक कार्यक्रम तिथल्या तिथे फेसबुकवर टाकते, आम्हा सगळ्यांना टॅग करते, लहान मुलांचे फोटो त्यांच्या शाळेच्या नावासकट टाकते. काही म्हटलं की ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ हे ठरलेलं उत्तर. तिला दुखवायचं नाही, पण भीती वाटते. मी काय करू? आणि मैत्रिणीचे गेलेले पैसे मी भरून द्यायला हवेत का?

उत्तर : आधी पासवर्डचा गोंधळ मिटवू. तुमच्या खात्यात कुणी शिरलंच नव्हतं, म्हणून पासवर्ड बदलून काही फरक पडला नाही. कुणीतरी तुमच्या प्रोफाइलवर आलं, फोटो उतरवून घेतला, नाव जसंच्या तसं टाईप केलं आणि नवं खातं उघडलं. मग त्याने तुमची फ्रेंड लिस्ट उघडली. या सगळ्या प्रकारातली खरी किमती गोष्ट म्हणजे ती यादी. नाव आणि फोटो कुणाचाही मिळतो. पण या नावावर विश्वास ठेवून पैसे पाठवतील अशी माणसं कोणती, हे त्या यादीवरून कळतं.

म्हणून फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फ्रेंड लिस्ट कुणाला दिसावी, तिथे ‘ओन्ली मी’ निवडा. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते बाकीच्या दहा सेटिंग्जपेक्षा ते मोलाचं आहे. एवढं करूनही तुमचे आणि बघणाऱ्याचे सामाईक मित्र त्याला दिसतच राहतात. त्यामुळे एखाद्या अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली आणि तुमच्या पाच मैत्रिणी त्याच्या यादीत दिसल्या, तर ती त्याच्या सज्जनपणाची पावती समजू नका. त्या पाचजणींनीही बहुधा एकमेकींची नावं बघूनच त्याला हो म्हटलेलं असतं. इन्स्टाग्रामवर असाल तर खातं ‘प्रायव्हेट’ करा. मग तुम्ही ज्यांना परवानगी दिली त्यांनाच तुमच्या पोस्ट आणि फॉलोअर्सची यादी दिसते.

आता त्या खोट्या खात्याचं. अशी माणसं बहुतेकदा पहिल्याच दिवशी मूळ व्यक्तीला ब्लॉक करून ठेवतात. त्यामुळे तुम्ही कितीही शोधलंत तरी ते खातं तुम्हाला दिसणार नाही, आणि न दिसणाऱ्या खात्याची तक्रार करणं अवघड. ते काम ज्यांना मेसेज आले त्यांच्याकडून करून घ्या. त्या प्रोफाइलवरचे तीन ठिपके दाबले की ‘रिपोर्ट’चा पर्याय येतो. पुढे ‘हे दुसऱ्याच व्यक्तीचं सोंग घेतलेलं खातं आहे’ अशा अर्थाचा पर्याय निवडायचा आणि तुमचं खरं खातं दाखवायचं. त्याआधी त्या प्रोफाइलचे, त्याच्या लिंकचे आणि आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, कारण खातं उडालं की पुरावाही त्याच्यासोबत जातो. तुमच्या खऱ्या खात्यावरून एक सरळ पोस्ट टाका : ‘माझ्या नावाने पैसे मागणारं खातं माझं नाही. मी कधीही मेसेजवर पैसे मागणार नाही.’ जे फेसबुक रोज उघडत नाहीत, विशेषतः वयस्कर नातेवाईक, त्यांना फोनच करा.

आणि एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवते. अशी पोस्ट टाकली की तिच्याखाली ‘अमुक एका तज्ज्ञाशी संपर्क साधा, त्याने माझं खातं परत मिळवून दिलं’ असं सांगणारे उगवतात. ते सगळे त्याच धंद्यातले. एकदा फसलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याकडून दुसऱ्यांदा पैसे काढणं सोपं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या कॉमेंट काढून टाका.

मुलाचं म्हणणं मला समजतं, पण पटत नाही. तुम्ही खातं बंद केलंत तर तुमच्या नावाचं फेसबुकवर एकच खातं उरेल, आणि ते खोटं असेल. ‘जुनं बंद केलं, हे नवं काढलंय’ ही थाप मग कुणालाही पटेल. उतरवून घेतलेला फोटो तर खातं बंद करून परत येत नाहीच. फेसबुकचा मनापासून कंटाळा आला असेल तर जरूर सोडा. या भीतीपोटी सोडू नका.

मग सांभाळायचं काय? यासाठी मी स्वतः एकच कसोटी लावते : ही माहिती बाहेर गेली तर मला ती बदलता येईल का? पासवर्ड बदलता येतो. कार्ड रद्द करून नवं घेता येतं. फोन नंबर जिवावर आलं तरी बदलता येतो. पण जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, पहिली शाळा, चेहरा, आवाज, बोटांचे ठसे हे एकदा गेलं की आयुष्यभरासाठी गेलं. गंमत अशी की आपण पासवर्ड जिवापाड जपतो आणि न बदलता येणाऱ्या गोष्टी वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी खुशाल जगाला सांगतो.

त्या जोडून काय होतं याचं एक जुनं, गाजलेलं उदाहरण आहे. २००८ साली अमेरिकेत सारा पेलिन उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होत्या. एका विद्यार्थ्याने त्यांचं याहूवरचं ईमेल खातं उघडलं. पासवर्ड त्याला माहीत नव्हता. त्याने ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं आणि समोर आलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली : जन्मतारीख, पोस्टाचा पिनकोड आणि नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली. तिन्ही उत्तरं इंटरनेटवर शोधून सापडण्यासारखी होती. पुढे त्याला शिक्षा झाली, पण तोवर त्यांची काही पत्रं जगजाहीर झाली होती. पेलिन बाई प्रसिद्ध होत्या म्हणून ही माहिती वर्तमानपत्रांनी छापली होती. तुमची-माझी आपणच छापतो.

तेव्हा प्रोफाइलमधून जन्माचं वर्ष तरी काढून टाका. जमलं तर पूर्ण तारीखच लपवा. ज्यांना तुमचा वाढदिवस माहीत असायला हवा त्यांना तो माहीत असतो. ‘पहिल्या शिक्षिकेचं नाव’, ‘पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव’ असले सुरक्षेचे प्रश्न कुठे विचारले तर खरं उत्तर देऊ नका. तिथे खरं बोलण्याची सक्ती कुणी केलेली नाही. काहीतरी असंबद्ध उत्तर ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. आणि ‘तुमची पहिली शाळा कोणती? बघू किती जणांना आठवतेय!’ छापाच्या पोस्ट दिसतात ना, त्यांखाली शेकडो माणसं हौसेने उत्तरं लिहितात. त्यातल्या सगळ्याच काही कुणी कपटाने टाकलेल्या नसतात, पण उत्तरं मात्र सगळ्यांना सारखीच वाचता येतात.

फोन नंबरचं प्रकरण जरा वेगळं आहे. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी ३० लाख वापरकर्त्यांची माहिती, बहुतेकांच्या फोन नंबरसह, इंटरनेटवर फुकट फिरू लागली. कंपनीचं म्हणणं, कुणी यंत्रणेत घुसलं नव्हतं. मोबाइलमधले नंबर जुळवून ओळखीची माणसं शोधून देणारी जी सोय होती, तीच २०१९ मध्ये यंत्राने राबवून हा साठा गोळा केला गेला होता. म्हणजे एका बाजूला नुसता नंबर, दुसऱ्या बाजूला नुसतं नाव, आणि त्यांची गाठ मारून देणारी सोय कंपनीचीच. म्हणून ‘फोन नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ या सेटिंगमध्येही ‘ओन्ली मी’ करा. व्हॉट्सअॅपवर प्रोफाइल फोटो आणि ‘लास्ट सीन’ फक्त कॉन्टॅक्टमधल्या लोकांना दिसू द्या, ‘ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकतं’ यालाही तीच मर्यादा घाला, आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठरवा. नंबरावर आलेला ओटीपी कुणी ‘चुकून तुझ्याकडे आलाय, जरा सांग’ म्हणत मागितला, मग मागणारी सख्खी बहीण का दिसेना, तर सांगायचा नाही. बहिणीचं खातं आधीच गेलेलं असतं आणि तिच्या नावाने तो माणूस तुमचं मागत असतो.

आता मुख्य अडचण, नणंदबाई.

तुम्ही सगळी सेटिंग्ज नीट केलीत तरी तुमच्याबद्दलची निम्मी माहिती दुसऱ्यांच्या हातून बाहेर जाते, हे तुमच्या बरोबर लक्षात आलंय. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिका या निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीचं अॅप साधारण २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं होतं. पण त्या काळी अशा अॅपला चाचणी देणाऱ्याच्या मित्रांची माहितीही उचलता येत होती. त्यामुळे फेसबुकच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. यातल्या बहुतेकांनी ती चाचणी पाहिलीही नव्हती. त्यांच्या कुणा मित्राने ती दिली होती, एवढंच. ती पळवाट नंतर बंद झाली. नणंदेची मात्र चालू आहे.

तुमच्या हातात एक सेटिंग आहे. ‘टॅग रिव्ह्यू’ आणि ‘टाइमलाइन रिव्ह्यू’ सुरू केलंत की तिने टॅग केलेली पोस्ट तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येणार नाही. पण यातली मेख अशी, की ती पोस्ट तिच्या प्रोफाइलवर राहतेच, फोटोत तुम्ही दिसताच. त्यामुळे तिच्याशी बोलण्याला पर्याय नाही.

बोलताना ‘तू फार टाकतेस’ अशी सुरुवात केलीत तर संभाषण तिथेच संपेल. तिला फोटो टाकायची हौस आहे, त्यात तिचं प्रेम आहे, आणि घरातल्या आठवणी जपण्याचं काम खरं तर तीच करतेय. तुमच्या बाबतीत घडलेलं तिला सविस्तर सांगा, मैत्रिणीच्या पैशांसकट. मग दोन विनंत्या करा, दोनच. पहिली, फोटो घरी परतल्यावर टाकायचे. ‘आम्ही सगळे इथे आलोय’ ही पोस्ट म्हणजे घर रिकामं असल्याची सूचना, आणि एक दिवस उशिरा टाकलेल्या फोटोला लाइक कमी पडत नाहीत. दुसरी, मुलांचं पूर्ण नाव, शाळा, गणवेश आणि रोजची ठिकाणं फोटोसोबत जायची नाहीत. या दुसऱ्या विनंतीवर मात्र ठाम राहा. मोठ्यांनी आपली माहिती उधळायची तर उधळावी, ती त्यांची आहे. आठ वर्षांच्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं, आणि नाव, जन्मतारीख, शाळा, आई-वडील, चेहरा एवढा ऐवज त्याच्या नावावर साठलेला घेऊन ते अठराव्या वर्षात पाऊल टाकतं. अनोळखी माणूस शाळेबाहेर नावाने हाक मारतो आणि आईचं नाव सांगतो, तेव्हा लहान मूल त्याला ओळखीचाच समजतं. मुलांच्या आई-वडिलांनाही या बोलण्यात घ्या. शेवटचा शब्द त्यांचा असायला हवा, तुमचा नाही आणि नणंदेचाही नाही. फोटो नातेवाइकांना दाखवायचेच असतील तर घरच्या ग्रुपवर टाकता येतात. तिथूनही ते पुढे जाऊ शकतात, पण सगळ्या जगाला खुले करण्यापेक्षा ते बरं.

‘लपवण्यासारखं काय आहे’ या वाक्याला एकच साधा प्रतिप्रश्न विचारा : ‘तुझा फोन अनलॉक करून रस्त्यावरच्या कुणाच्याही हातात देशील का?’ ती हसेल, देणार नाही. तिच्या फोनमध्ये काही वावगं असेल म्हणून नव्हे.

फोटोंच्या बाबतीत आणखी एक. चेहऱ्याकडे आपलं लक्ष असतं, मागे टेबलावर काय पडलंय त्याकडे नसतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांनी २०२० मध्ये आपल्या विमानप्रवासाच्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव एवढ्याच्या जोरावर एका तरुणाने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांचं बुकिंग उघडलं आणि त्या पानाच्या कोडमध्ये त्याला त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर सापडला. तो तरुण सरळमार्गी होता, त्याने संबंधितांना कळवलं. तिकीट, निकालपत्र, ओळखपत्र, नव्या गाडीची नंबरप्लेट, नव्या घराची किल्ली, पार्सलवरचा पत्ता, औषधांची चिठ्ठी या गोष्टींचे फोटो टाकूच नयेत. किल्लीचं आश्चर्य वाटलं असेल, पण स्पष्ट फोटोवरून तिचे दाते मोजून दुसरी किल्ली बनवता येते. मोबाइलचा कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवू शकतो. फेसबुक, इन्स्टाग्राम ते बघणाऱ्यांपर्यंत पोहोचू देत नाहीत. पण तोच फोटो ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ते सोबत जातात. कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढून टाकली की पुढच्या फोटोंचा प्रश्न मिटला.

पासवर्डबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, आणि तो लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी जपून ठेवणाऱ्या अॅपवर, सोपवावं. तेही नको असेल तर कपाटातली वही चालेल. परदेशात बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. सगळ्यात कडक बंदोबस्त ईमेलचा करा. बाकी प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते, त्यामुळे ईमेल गेलं की सगळं गेलं. तिथे दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी, पडताळणी सुरू करा, आणि जमलं तर एसएमएसऐवजी कोड देणारं अॅप वापरा, कारण फोन नंबरही पळवता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून भलतेसलते मजकूर गेले. हल्लेखोरांनी त्यांचा फोन नंबर ताब्यात घेतला होता आणि त्या नंबरवरून एसएमएसने ते मजकूर टाकले होते.

आता पैसे फक्त मेसेजमधूनच मागितले जातात असंही नाही. तुमच्या व्हिडिओतला आवाजाचा छोटा तुकडा घेऊन तुमच्यासारखं बोलणारा आवाज बनवता येतो. तेव्हा घरातल्या माणसांनी एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, जो कुठेही लिहिलेला नसेल आणि ज्याचा कुठल्या पोस्टशी संबंध नसेल. रडत फोन आला, घाई केली, ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं, की आधी तो शब्द विचारायचा, किंवा फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर आपण फोन लावायचा. यात अपमान वाटून घ्यायचा नाही, हेही आधीच ठरवून ठेवा. खऱ्या अडचणीतल्या माणसाला शब्द सांगायला दोन सेकंद लागतात.

जुन्या पोस्टचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. दहा-बारा वर्षांच्या पोस्ट एकेक करून तपासत बसू नका. फेसबुकवर ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ असा पर्याय आहे. आजवर सगळ्यांना दिसणाऱ्या पोस्ट त्याने एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मग खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत स्वतःचं नाव शोधा. जे दिसेल ते परक्या माणसालाही दिसतं. त्यात जे खटकेल तेवढं काढा.

राहिला मैत्रिणीच्या पैशांचा प्रश्न. ते भरून देण्याची जबाबदारी तुमची नाही. चोरी तुमच्या नावाने झाली, तुम्ही केलेली नाही. ऐपत असेल आणि मैत्रीखातर द्यावेसे वाटले तर ती वेगळी गोष्ट, पण अपराधीपणातून देऊ नका. तिलाही ते घेताना अवघडल्यासारखं होईल. तिला आज खरी गरज आहे ती सोबतीची. फसलेली माणसं लाजेने गप्प बसतात आणि त्यात वेळ निघून जातो. पैसे गेल्याचं तिने बँकेला कळवलं आहे का, ते विचारा. नसेल तर आजच कळवायला लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. मग स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे गेले त्या खात्याचा तपशील घेऊन दोघी मिळून पोलिसांच्या सायबर विभागात जा. तक्रारीत तुमचाही जबाब लागेल, कारण नाव आणि फोटो तुमचे वापरले गेले आहेत. तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय तिथून निघू नका.